बाळासो, बाळासाहेब आणि परतीचा करार

सकाळी 8. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं माझं दुकान उघडतं, तेव्हा शेजारच्या चांदी कारखान्यात मूस तापलेली असते.

9:30. धडीवाल्याचा, म्हणजे चांदी व्यापाऱ्याचा, इंजिनिअर पोरगा पासपोर्टसाठी आला. ब्रिटनच्या सोडतीत नाव घालायचंय. दोन वर्षांचा व्हिसा, वर्षाला तीन हजार जणांना. ही सवलत मे 2021च्या भारत-ब्रिटन करारातली. त्याच करारात तिकडं बेकायदा राहणाऱ्या आपल्या माणसांना परत घ्यायचंही कबूल केलंय. व्हिसा पाहिजे तर माणसं परत घ्या, सरळ व्यवहार! 2018मध्ये माणसं परत घ्यायचा मसुदा अडला होता. कागद नसलेला माणूस भारतीय आहे का, हे ठरावीक मुदतीत सांगा, असा ब्रिटनचा आग्रह; दिल्लीला ती मुदत पुरेना. मला दिल्लीचं पटतं. या पोराच्या वडलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर बाळासो, आधारला बाळासाहेब आणि सातबाऱ्यावर नुसतं बाळू. सगळी मुदत याच घोळात जाईल.

दुपारी 12. मुर्शिदाबादचा एक कारागीर आला. आधार, मतदार कार्ड, आजोबांच्या जमिनीचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. कारण उघड आहे: जून 2025मध्ये मुंबईकडं पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. ते भारतीय निघाले, मग दोन्हीकडच्या सीमा दलांनी बोलणी करून त्यांना परत आणलं. आधी ढकललं, चौकशी मागाहून. ब्रिटनकडं जास्त दिवस मागणाऱ्या आपल्या सरकारला इथं एवढी घाई का, हे कोडं मला सुटत नाही. त्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत.

3 ते 5. साइट बंद. चहा.

5:30. पोलीस ठाण्याचे हवालदार दुसऱ्या एका पासपोर्टच्या पडताळणीला आले. "हितंच राहतोय न्हवं?" शेजारच्या म्हातारीनं अर्जदाराची तीन पिढ्यांची माहिती दिली. परदेशात कागद नसलेला कुणी सापडला, तर वकिलातीचं पत्र फिरत फिरत शेवटी अशाच दारात येतं. हे काही लांबचं नाही: 5 फेब्रुवारी 2025ला अमेरिकेनं लष्करी विमानानं 104 भारतीय अमृतसरला उतरवले. त्यात महाराष्ट्राचे तिघं होते.

7. इंजिनिअर परत आला, शपथपत्र घेऊन.

"काका, दोन वर्सांनी तिकडंच ऱ्हायलो तर?"

"मग मघाचेच हवालदार म्हातारीला विचारायला येतील. आधी बापाचं नाव एक कर."