गवंड्याची मुलगी, राणी आणि खासदार

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचं गोदी कामगारांचं गाव आहे. ९ मे १९३६ रोजी तिथं एका गवंड्याच्या घरी मुलगी झाली. चार बहिणींतली ही थोरली. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची. हॉलिवूडच्या एका नटीवरून मुलीचं नाव ग्लेंडा ठेवलं, पण घरात सिनेमाचा थाट कुठला! सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्लेंडा जॅक्सन औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली.

दोन वर्षं ती नोकरी केली. फावल्या वेळात हौशी मंडळींच्या नाटकांत काम करायची. तिथूनच १९५४ मध्ये लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली. पण चेहरा नायिकेचा नव्हता. चाळिशीपर्यंत फारसं काम मिळणार नाही, असं तिला तिथंच सांगण्यात आलं. पुढची काही वर्षं तशीच गेली. नाटक मिळालं तर नाटक, नाहीतर मिळेल ती नोकरी.

१९६४ मध्ये पीटर ब्रूक यांच्या ‘मारा/साद’ नाटकानं तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. ‘विमेन इन लव्ह’ आणि ‘अ टच ऑफ क्लास’ या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर मिळाले. ते घ्यायला ती दोन्ही वेळा गेलीच नाही. बाहुल्या आईकडे ठेवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं चकचकीत करणाऱ्या त्या माउलीनं त्या इतक्या घासल्या, की वरचा सोनेरी मुलामा निघून आतला साधा धातू दिसू लागला. ग्लेंडा हा किस्सा मोठ्या मजेनं सांगत असे.

१९७१ मध्ये बीबीसीच्या मालिकेत तिनं पहिल्या एलिझाबेथ राणीचं तरुणपणापासून मृत्यूपर्यंतचं आयुष्य उभं केलं. त्यासाठी कपाळावरचे केस खरोखर काढून टाकले.

आणि १९९२ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, तिनं अभिनय सोडला. मजूर पक्षातर्फे लंडनच्या हॅम्पस्टेड-हायगेट भागातून ती खासदार झाली आणि २३ वर्षं राहिली. काही काळ वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्रीही होती. २००३ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर इराकवर युद्ध लादायला निघाले, तेव्हा आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानाविरुद्ध तिनं मत दिलं. २०१० ची निवडणूक ती अवघ्या ४२ मतांनी जिंकली. २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर वारल्यावर पार्लमेंटमध्ये सगळीकडून गौरवाची भाषणं चालली होती. ग्लेंडानं मात्र त्या काळातल्या फाटक्या क्रमिक पुस्तकांची आणि उघड्यावर झोपणाऱ्या बेघरांची आठवण करून दिली. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, तरी ती बोलत राहिली.

२०१५ मध्ये तिनं राजकारण सोडलं. आता ती घरी बसेल, असंच कुणालाही वाटलं असतं. पुढच्याच वर्षी, ऐंशी वर्षांची ग्लेंडा लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर शेक्सपिअरचा किंग लिअर म्हणून उभी राहिली. पुरुषाची भूमिका, तीही भल्याभल्यांचा दम काढणारी! २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये बीबीसीच्या ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मध्ये तिनं विस्मरणाच्या आजारानं सगळं हातातून निसटत चाललेली आजी रंगवली. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांना ते पाहणं सोपं नाही.

अखेरच्या दिवसांत ती लंडनमध्ये मुलाच्या घराच्या तळघरात राहत होती. १५ जून २०२३ रोजी, ८७ व्या वर्षी, तिथंच तिचा अंत झाला. मायकेल केनसोबतचा शेवटचा चित्रपट तेव्हा नुकताच पुरा झाला होता.

आपल्या घरांत मुलगी दहावीला अडखळली की तिचं काय व्हायचं ते ठरलं, असं आपण धरून चालतो. पन्नाशीच्या बाईनं काही नवं करायचं म्हटलं की ‘आता या वयात?’ असं विचारतो. ग्लेंडाची शाळा सोळाव्या वर्षी सुटली होती आणि लिअर तिनं ऐंशीव्या वर्षी केला. पुन्हा असा प्रश्न ओठांवर आला, तर या दोन आकड्यांची आठवण ठेवावी.