एका खांबावरची द्वारका

मोटोजीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकल शर्यतींच्या २०२३ च्या हंगामात होंडा या जपानी कंपनीने निर्मात्यांच्या गुणतक्त्यात पाचवे स्थान पटकावले. तक्त्यात निर्माते पाचच होते! त्याआधीच्या २०२२ साली ती सहांपैकी सहावी होती. मधल्या काळात सुझुकीने शर्यतींचा निरोप घेतला म्हणून सहाव्याचे पाचवे झाले, एवढीच काय ती प्रगती. इटलीच्या डुकाटीला ७०० गुण, होंडाला १८५. रविवारच्या वीस मुख्य शर्यतींपैकी सतरा डुकाटीने जिंकल्या, दोन एप्रिलियाने, आणि उरलेली एक होंडाने.

परदेशातील या वेगवान खेळाची चिकित्सा अग्रलेखाच्या स्तंभात कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या गोमंतकात मोटारसायकल हे चैनीचे वाहन कधीच नव्हते. भाड्याने माणसे नेणारा 'पायलट' तिच्यावर संसार चालवतो, तिच्यावरून मासळीच्या टोपल्या जातात आणि वैद्यही येतो. १९८४ साली होंडाने हीरो समूहाशी भागीदारी केली. पुढे ती भागीदारी सुटली, तरी 'होंडा' म्हणजे न बिघडणारे इंजिन हे समीकरण आमच्या घराघरांत पक्के बसले आहे. ज्या नावावर सामान्य माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्या नावाचे सर्वोत्तम यंत्र आपल्या स्वारांना वर्षभर जमिनीवर आपटीत राहावे, हा प्रकार विचार करावयास लावणारा खचितच आहे.

हंगामाची सुरुवात तर आशादायक होती. मार्चमध्ये पोर्तुगालच्या पोर्टिमाव येथे मार्क मार्केझने पहिल्या क्रमांकाची सुरुवातीची जागा मिळवली आणि शनिवारच्या छोट्या शर्यतीत तो तिसरा आला. दुसऱ्याच दिवशी त्याचे यंत्र मिगेल ऑलिव्हेराच्या यंत्रावर आदळले, मार्केझच्या अंगठ्याजवळचे हाड मोडले आणि पुढच्या तीन शर्यतींना तो मुकला. एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे अ‍ॅलेक्स रिन्सने होंडावर शर्यत जिंकली. हा रिन्स मुख्य संघाचा नव्हे, एलसीआर या जोडसंघाचा. त्या विजयाचे ढोल बरेच वाजले. परंतु याच रिन्सने २०१९ साली याच ऑस्टिनमध्ये सुझुकीवरही विजय मिळवला होता, हे लक्षात घेता श्रेय यंत्राचे किती आणि स्वाराचे किती, याचा हिशेब कठीण नव्हता. जूनमध्ये इटलीतील मुजेल्लो येथे रिन्सचा पाय मोडला आणि तोही आधार गेला.

त्यानंतर आले जर्मनीतील साक्सेनरिंग. या वर्तुळावर मार्केझ २०१० पासून उतरला त्या अकराही शर्यतींत अजिंक्य राहिलेला. २०२२ साली शस्त्रक्रियेमुळे तो आलाच नव्हता. जणू त्याच्या घरचे अंगण! २०२३ च्या जूनमध्ये त्या अंगणात तो तीन दिवसांत पाच वेळा पडला. रविवारी सकाळच्या सरावात पाचव्यांदा पडून डाव्या हाताचा अंगठा मोडला, तेव्हा त्याने दुपारच्या शर्यतीतून माघार घेतली. भीती हा शब्द ज्याच्या कोशात नाही असे ज्याच्याविषयी म्हटले जाई, त्या स्वाराने आपल्या आवडत्या रिंगणात उतरण्यास नकार द्यावा, याहून मोठा अभिप्राय त्या यंत्रावर कोणता असू शकतो? रविवारची शर्यत पूर्ण करण्याचा त्याचा त्या वर्षीचा पहिला प्रसंग उगवला तो २० ऑगस्टला, ऑस्ट्रियात. आणि तेथे तो बारावा आला. हंगामाअखेर त्याच्या पडण्यांची संख्या २९ झाली. गुणतक्त्यात तो चौदावा. २०२० चा जगज्जेता असलेला त्याचा सहकारी जोआन मीर बाविसावा.

सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा तेथील प्रेक्षकांनाही हेच चित्र पाहावयास मिळाले. तिसऱ्या स्थानावरून मार्केझ घसरला, उठला आणि नववा आला. मीर मात्र पाचवा आला. पुढच्याच रविवारी जपानमध्ये मोटेगी येथे भर पावसात मार्केझ तिसरा आला. तीन दिवसांनी, करार एक वर्ष उरलेला असताना, अकरा वर्षांचा संबंध संपल्याची घोषणा झाली.

हे अपयश २०२३ साली जन्मास आले असे आम्हास वाटत नाही. त्याचे मूळ आमच्या मते होंडाच्या सर्वांत वैभवशाली वर्षात, २०१९ मध्ये आहे. त्या वर्षी मार्केझने ४२० गुण मिळवून सर्वोच्च गटातील आपले सहावे अजिंक्यपद जिंकले. निर्मात्यांचे आणि संघाचे विजेतेपदही होंडाकडेच गेले. त्याच संघात त्याच यंत्रावर बसणाऱ्या होर्हे लोरेन्झोचे गुण होते अवघे अठ्ठावीस. लोरेन्झो काही नवशिका नव्हता; पाच वेळा जगज्जेता झालेला स्वार तो. दुखापतींनी त्याला ग्रासले होते हे खरे, तरीही ४२० आणि २८ यांमधील दरी केवळ दुखापतींनी भरून निघणारी नव्हती. वर्षअखेर तो निवृत्त झाला. एका खांबावर द्वारका उभी होती, आणि खांब भक्कम असल्याने पायाकडे पाहण्याची गरज कोणास भासली नाही. तीन-तीन अजिंक्यपदे हाती असताना धोक्याची घंटा ऐकणार तरी कोण?

१९ जुलै २०२० रोजी स्पेनमध्ये हेरेझ येथे मार्केझच्या उजव्या दंडाचे हाड मोडले आणि तो खांब कलला. शस्त्रक्रियेला आठवडाही झालेला नसताना तो पुन्हा सरावास उतरला. हाड जोडणारी पट्टी पुढे तुटली. २०२२ पर्यंत त्या एका हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या. २०२० साली होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही.

यंत्राची कथा थोडक्यात अशी. होंडाच्या यंत्राचा सारा भरवसा पुढच्या चाकावर होता. वळणावर पुढचे चाक निसटू लागले की कोपर आणि गुडघा जमिनीला टेकवून यंत्र सावरण्याची मार्केझची कला अद्वितीय. इतरांना ते साधत नसे, ते पडत. २०२० साली मिशेलिनने मागचा टायर बदलला, त्याची पकड वाढली आणि फायदा मागच्या चाकावर भिस्त ठेवणाऱ्या यंत्रांकडे गेला. होंडाने २०२२ साठी यंत्राची मांडणी आमूलाग्र बदलली आणि वजन मागे नेले. मागची पकड हवी तेवढी मिळाली नाही, पुढची हमी मात्र हरवली. तेलही गेले, तूपही गेले! तिकडे डुकाटीची आठ यंत्रे एकाच वेळी मैदानात होती. एकाने शुक्रवारी शिकलेले शनिवारी आठांना कळे. होंडाची यंत्रे चार, आणि त्यांवरचे स्वार आळीपाळीने रुग्णालयात.

अशा स्थितीत २०२३ साली होंडाने कालेक्स या जर्मन संस्थेकडून यंत्राचा सांगाडा करवून घेतला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. सारे काही स्वतःच्या कारखान्यात घडविणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दारी जावे! आम्हास तर त्या संपूर्ण हंगामातील तेच एक शहाणपणाचे पाऊल वाटते. याच होंडाने १९७९ साली, प्रतिस्पर्धी टू-स्ट्रोक इंजिने वापरीत असताना, हट्टाने लंबगोल पिस्टनचे फोर-स्ट्रोक यंत्र मैदानात उतरवले होते. एनआर ५०० हे त्याचे नाव. बुद्धिमत्तेचा तो अपूर्व नमुना होता, पण अजिंक्यपदाच्या एकाही शर्यतीत त्याला विजय लाभला नाही. अखेर अभिमान गिळून १९८२ साली तीन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक यंत्र आणले गेले आणि १९८३ साली फ्रेडी स्पेन्सर त्यावर जगज्जेता झाला. संस्थापक सोइचिरो होंडा १९५४ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यती पाहावयास गेले, तेव्हा जर्मन यंत्रांची शक्ती आपल्या यंत्रांच्या तिप्पट असल्याचे पाहून ते थक्क झाले होते. पाच वर्षांनी ते स्वतःची यंत्रे घेऊन तेथे उतरले. दुसऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करण्याची लाज त्या पिढीला नव्हती.

मार्केझने संघ सोडला हा कृतघ्नपणा झाला, असे म्हणणारे आहेत. आम्हास ते मान्य नाही. ज्याने मोडलेला हात घेऊन तीन वर्षे प्रतीक्षा केली, त्याच्याकडून आणखी किती हाडांची अपेक्षा करावयाची? तो ग्रेसिनी या छोट्या संघात एक वर्ष जुन्या डुकाटीवर बसला आणि २०२४ साली तिसरा आला. होंडाचे त्या वर्षीचे गुण १८५ वरून ७५ वर घसरले आणि तीस वर्षे पाठीशी असलेल्या रेप्सोल कंपनीनेही हात काढून घेतला.

बदल झाला तो त्यानंतर. पिछाडीवरच्या निर्मात्यांना अधिक चाचण्यांची मुभा देणारे नियम २०२३ च्या अखेरीस आले होते. त्यांचा लाभ होंडाने घेतला आणि एप्रिलियाचे रोमानो अल्बेसियानो यांना तांत्रिक विभागाची सूत्रे दिली. मे २०२५ मध्ये फ्रान्सच्या ल मां येथे जोआन झार्कोने पावसात होंडाला विजय मिळवून दिला. २८ सप्टेंबर २०२५ रोजी होंडाच्याच मालकीच्या मोटेगी वर्तुळावर मार्केझ दुसरा आला आणि डुकाटीवर जगज्जेता ठरला. त्याच्यामागे तिसरा आला जोआन मीर, होंडावर.

मोटेगीतील मीरचे ते तिसरे स्थान आम्हास ल मांच्या विजयाहून मोलाचे वाटते, कारण ते कोरड्या रस्त्यावर मिळाले. २०२७ पासून ८५० सीसीच्या यंत्रांचे नवे नियम लागू व्हावयाचे आहेत आणि सर्वांचीच पाटी कोरी होणार आहे. त्या वेळी होंडाच्या दोन स्वारांच्या गुणांत अंतर किती पडते, तेवढे आम्ही पाहणार आहोत.