थांबता येण्याचे सामर्थ्य

मोटारींच्या शर्यतीचा विषय निघाला की बोलणे हटकून इंजिनाच्या ताकदीवर येते. मोटार किती वेगाने धावते हे सारे विचारतात. ती किती अंतरात थांबते, हे सहसा कुणी विचारत नाही. परंतु या दुसऱ्या प्रश्नानेही शर्यतींचे निकाल फिरविले आहेत.

फ्रान्समधील ल माँ शहराजवळ १९२३ साली चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या या मार्गाचा बराच भाग म्हणजे एरवीच्या रहदारीचे रस्ते. त्यात जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता व त्याच्या टोकाशी तीव्र वळण. भरधाव आलेल्या मोटारीचा वेग तेथे एकदम उतरवावा लागे, आणि तोही चोवीस तासांत सुमारे तीनशे वेळा.

त्या काळी बहुतेक मोटारींना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर डब्यासारखा ड्रम फिरतो. पायाने दाब दिला की आतले दोन अर्धगोल शू फाकून त्याच्या कडेला घासतात. मोटारीच्या गतीतील ऊर्जा अशी उष्णतेत रूपांतरित होते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ती उष्णता डब्यातच कोंडते, तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो आणि पकड सुटू लागते. चालक जीव तोडून पाय दाबतो आणि मोटार पुढेच धावते.

यावरील उपाय कल्पनेत जुनाच होता. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. चाकाबरोबर उघडी चकती फिरवावी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरावे, एवढेच त्याचे तत्त्व. उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. चकती तापून फुगली तरी पकडीपासून दूर जात नाही. पुढे विमानांसाठी ही रचना विकसित झाली. इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीने डनलॉपच्या सहकार्याने ती शर्यतीच्या मोटारीत आणली. ते काम सोपे नव्हते. ब्रेकमधील द्रव उकळे आणि पेडल पोकळ लागे. नॉर्मन ड्यूइस या चाचणी-चालकाने पुनःपुन्हा मोटार पळवून व थांबवून हे दोष शोधून काढले. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने अशी मोटार घेऊन रँस येथील शर्यत जिंकली.

१९५३ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप मोटारींचे इंजिन ३.४ लिटरचे, तर फेरारीचे साडेचार लिटरपर्यंतचे होते. पण जॅग्वारच्या चालकांना वळणापाशी प्रतिस्पर्ध्यांहून उशिरा ब्रेक लावता येत असे आणि ते अखेरच्या तासापर्यंत तसेच लागत. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. ल माँची सरासरी ताशी शंभर मैलांच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

मर्सिडीजने मात्र ड्रम सोडला नाही. १९५५ मध्ये चालकाच्या मागे वाऱ्याला अडविणारे मोठे झडप बसविले. त्याच वर्षी ११ जूनला माइक हॉथॉर्नची जॅग्वार इंधनासाठी थांबताना वेगाने मंदावली. मागची ऑस्टिन-हीली तिला चुकविण्यासाठी डावीकडे वळली आणि त्यामागून येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून उडाली. तिचे अवयव प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली, लव्हेगही गेला. शर्यत चालूच राहिली आणि हॉथॉर्नच्या जॅग्वारने ती जिंकली. रात्री मर्सिडीजने आपल्या उरलेल्या मोटारी माघारी घेतल्या.

दोष केवळ ब्रेकवर टाकणे न्यायाचे होणार नाही. चौकशीतही कोणा एका चालकाला दोषी धरले गेले नाही. मोटारी बदलल्या होत्या. रस्ता मात्र जुनाच, अरुंद राहिला होता. थांबण्याची जागा आणि धावता मार्ग यांत भिंत नव्हती, प्रेक्षकांना पुरेसे संरक्षण नव्हते. पुढल्या शर्यतीपूर्वी तो भाग नव्याने बांधण्यात आला.

आज आपल्या दारातील मोटारीच्या, पुष्कळदा मुलाच्या दुचाकीच्याही, पुढच्या चाकात तीच चकती दिसते. चावी मुलाच्या हाती देताना आपण तिचा वेग विचारतो. ब्रेक तपासलेत का, हेही विचारावे. आणि हेही सांगावे की आपल्याला थांबता आले तरी मागच्याला थांबता येईलच असे नाही.