कोर्टात पेशी आहे? कपडे साधे चालतील, गैरहजेरी चालणार नाही



तलावाच्या पट्ट्याचा वाद असो की घराच्या जागेचा, आपल्यापैकी कुणाची ना कुणाची पेशी बालाघाटच्या कोर्टात लागलेलीच असते. दर वेळी आम्हाला एकच विचारतात, "भाऊ, घालून काय जाऊ? अंगाला मासळीचा वास येते, साहेब बाहेर तर नाही काढणार?"

बिनधास्त जा. काळा कोट, पांढरा बँड हा वकिलांचा पोशाख. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालच्या नियमांनी तो ठरवला आहे. पक्षकाराला, साक्षीदाराला तसं बंधन नाही. धुतलेलं धोतर, पायजमा, पँट-शर्ट, लुगडं, सगळं चालतं. फक्त बनियान, लुंगी, हाफपँट नको. पहाटे डोंग्यावरून उतरून थेट कोर्ट गाठू नका. आंघोळ करून निघा.

लाजून बाहेर झाडाखाली बसणं मात्र महागात पडतं. पुकारा झाला आणि आपण नसलो, तर आपला दावा खारीज होऊ शकतो. दावा आपल्यावर असेल तर एकतर्फी निकाल लागू शकतो. जामिनावरच्या माणसावर वॉरंट निघू शकतं. वर्षभराची कमाई ज्या तलावात, तो एका पुकाऱ्यात जायला नको.

म्हणून एवढं सांभाळा:

• वेळेआधी पोहोचा. येणं जमतच नसेल तर वकिलांना आधी सांगा.
• खर्रा बाहेरच टाका, आवारात थुंकू नका. जाळं शिवायची सुरी घरी ठेवा.
• मोबाईल बंद. परवानगीशिवाय फोटो, रेकॉर्डिंग नाही.
• साहेब आले की उभं राहा. बोलताना 'सर' किंवा 'मॅडम' पुरे. खालच्या कोर्टात 'सर' चालतं, असं बार कौन्सिलनं २००६ मध्येच सांगितलं आहे.
• विचारलं तेवढंच सांगा. समोरच्याशी तिथं भांडू नका. हिंदी अडत असेल तर वकिलांना आधीच सांगून ठेवा.
• संस्थेच्या वतीनं जाणाऱ्यानं ठरावाची प्रत आणि ओळखपत्र सोबत न्यावं.

वकील परवडत नाही? १५१०० वर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना फुकट वकील मिळतो.

ज्यांची या महिन्यात पेशी आहे, त्यांना हे वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तर नक्कीच.