कॅम्परमधला फ्रीज थंड होत नाहीये? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

समजा, तुम्ही अमेरिकेत आहात. आईबाबा भारतातून आलेत, म्हणून आठवड्याभरासाठी कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन सगळे यलोस्टोनला निघालात. फ्रीजमध्ये दही, इडलीचं पीठ, पनीर आणि बाबांचं इन्सुलिन. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर दार उघडलं, तर आत-बाहेर सारखंच. कान लावला तर घरघरही नाही. मग सगळे म्हणतात, "फ्रीज बंद पडला!"

बहुतेक वेळा तो बंद पडलेला नसतो. मुळात हा फ्रीज आवाज करतच नाही.

मोटर नाही, आच आहे

आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो. अनेक कॅम्परमधल्या फ्रीजमध्ये तो नसतो. त्याला म्हणतात ॲब्सॉर्प्शन फ्रीज. हॉटेलच्या खोलीतला तो छोटासा, अजिबात आवाज न करणारा फ्रीज आठवतोय? तो बऱ्याचदा याच जातीचा असतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली.

गंमत म्हणजे हा फ्रीज थंड होतो तो उष्णतेवर. त्याच्या मागच्या बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतात. खाली गॅसची छोटी ज्योत किंवा विजेची कॉइल पाण्यात मुरलेला अमोनिया उकळवते. उकळीचे बुडबुडे द्रव वर ढकलतात, म्हणून पंप लागत नाही. वर गेलेली अमोनियाची वाफ जाळीत थंड होऊन पातळ होते आणि आतल्या नळीत हायड्रोजनमध्ये उतरते.

इथे आपला माठ आठवा. कोरड्या हवेत माठाचं पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. फ्रीजमध्ये कोरड्या हवेचं काम हायड्रोजन करतो आणि पाण्याच्या जागी अमोनिया उडतो. उडालेला अमोनिया पुन्हा पाण्यात मुरतो आणि चक्र चालू राहतं.

म्हणजे या फ्रीजला चार गोष्टी लागतात: आच, सपाट जागा, मागून वाहती हवा आणि भरपूर वेळ. तक्रार आली की आधी याच बघायच्या.

वेळ आणि जागा

वेळेचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. हा फ्रीज गार व्हायला सहा ते बारा तास लागतात. सकाळी सुरू करून दुपारी कोमट दूध भरलं, तर संध्याकाळी ते कोमटच सापडणार. आदल्या रात्री सुरू करायचा आणि सामान घरच्या फ्रीजमध्ये गार करूनच आत ठेवायचं. आणखी एक साधी चूक: पेट्रोल भरताना ज्योत बंद करावीच लागते, पण ती परत चालू करायची राहून जाते.

मग गाडीची पातळी. द्रव नळ्यांमधून आपल्या वजनानेच खाली येतो, त्यामुळे गाडी उतारावर असेल तर तो मध्येच साचतो. चालत्या गाडीत हिसके बसून तो हलत राहतो, तेव्हा फारसं बिघडत नाही. घोटाळा होतो मुक्कामाला. गवंडी वापरतात तसली पाणसळ फ्रीजच्या तळाशी ठेवून बघा, नाहीतर मोबाइलमधली चालते. ढोबळमानाने, गाडी तुम्हाला झोपायला सपाट वाटली तर फ्रीजलाही चालते. वाटत नसेल तर चाकाखाली ठोकळे घाला.

हे टाळू नका. उतारावर तासन्‌तास चालवलं तर खालचा भाग जास्त तापतो, नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या क्षाराचे खडे होतात आणि नळी कायमची तुंबते. चुकीच्या जागी काढलेल्या एका रात्रीपायी सगळ्यात महागडा भाग बदलावा लागू शकतो.

आच कुठे अडली?

आता या फ्रीजची सगळ्यात उपयोगी चाचणी. हा गॅसवरही चालतो आणि विजेवरही. म्हणून एकावर थंड होत नसेल तर दुसऱ्यावर लावा आणि काही तास थांबा.

विजेवर गार होतो, पण गॅसवर नाही? मग नळ्या ठीक आहेत, दोष ज्योतीचा आहे. आधी सिलिंडर उघडा आणि भरलेला आहे ना ते बघा. मग गाडीच्या बाहेरच्या बाजूची जाळी काढून ज्योत बघा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी किंवा फडफडणारी असेल तर बर्नरमध्ये काजळी, गंज किंवा कोळ्याचं जाळं आहे. हे जाळ्याचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका, हिवाळाभर उभ्या गाडीत ते हमखास सापडतं. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर मऊ ब्रशने साफ करा. ज्यातून गॅस येतो त्या बारीक छिद्रात मात्र सुई घालू नका, छिद्र मोठं झालं तर ज्योत बिघडते.

यलोस्टोनसारख्या ठिकाणी उंचीही आडवी येते. तिथला बराच भाग समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांच्या आसपास आहे. विरळ हवेत ज्योत नीट जळत नाही, म्हणून काही पुस्तिकांमध्ये ५,५०० फुटांच्या वर वीज वापरण्याचा सल्ला असतो.

उलट, गॅसवर गार होतो आणि विजेवर नाही? मग फ्यूज उडालाय, प्लगमध्ये वीज नाही किंवा कॉइल गेलीय. मल्टिमीटर हाताळता येत असेल तर वीज पूर्ण तोडून कॉइलचा रोध मोजा. १२० व्होल्टवर चालणारी ३०० वॅटची कॉइल साधारण ४८ ओहम दाखवते. काट्याने अनंत दाखवलं तर ती तुटलेली आहे.

काही फ्रीज गाडीच्या १२ व्होल्टवरही चालतात, पण ती सोय इंजिन चालू असतानाच वापरायची. दहा-बारा अँपिअर खाणारा फ्रीज उभ्या गाडीची बॅटरी एका संध्याकाळीत झोपवतो. आणि नव्या मॉडेलमध्ये गॅसवर चालतानाही कंट्रोल बोर्डाला बॅटरी लागतेच. ती मेलेली असेल तर सिलिंडर भरून उपयोग नाही.

मागची हवा

ज्योत ठीक, जागा सपाट, तरी दुपारी गार होत नाही आणि रात्री होतो? मग मागची गरम हवा कोंडली आहे. ती खालच्या जाळीतून आत येऊन वर छतातून बाहेर पडते, चिमणीसारखी. पानं, गांधीलमाशीचं पोळं, पक्ष्याचं घरटं, काहीही अडकलेलं असू शकतं. फ्रीजची बाजू सावलीत येईल अशी गाडी लावा. बाहेर चाळिशीचा उन्हाळा असेल तर धडधाकट फ्रीजही दमतो. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून गारवा जातोय.

थांबायचं कधी?

मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा फ्रीजमधून केस रंगवायच्या रंगासारखा उग्र वास आला तर अमोनिया गळलाय. फ्रीज बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. आतल्या हायड्रोजनमुळे आगीचाही धोका असतो, म्हणून तो परत सुरू करून बघायचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, कुठलंही बटण न दाबता बाहेर पडा. फ्रीज उलटा करून ठेवला की सुधारतो, असा एक जुना उपाय सांगितला जातो. तुंबलेल्या नळीवर तो क्वचित लागू पडतो, गळक्या नळीवर कधीच नाही.

गॅस आणि वीज दोन्हींवर आच नीट मिळतेय, वरच्या जाळीतून गरम हवा येतेय, जागा सपाट आहे, बारा तास उलटलेत आणि तरी आत गार नाही? मग नळ्यांचा संचच गेला. तो रस्त्यात दुरुस्त होत नाही.

(भारतातल्या नव्या कॅराव्हॅनमध्ये बहुधा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज दिसतो. त्याला उताराचं वावडं नाही. तो बंद पडला तर आधी व्होल्टेज बघा: बारीक वायरमुळे फ्रीजपर्यंत पोचेस्तोवर ते घसरतं आणि फ्रीज बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो.)

राहिलं बाबांचं इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं सहसा काही आठवडे बाहेर चालतं, नेमके दिवस आणि तापमान खोक्यावर लिहिलेलं असतं. फ्रीज चालू झाल्यावर ते मागच्या थंड पत्र्याला टेकवून ठेवू नका. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. फ्रीज दगा देतोय असं वाटताच बर्फाची पेटी काढा आणि इन्सुलिन टॉवेलमध्ये गुंडाळून, बर्फाला न लागता ठेवा. दूध, पनीर, शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर वास घेत बसू नका, टाकून द्या. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून आत ठेवला असेल तर हे ४ अंश अंदाजाने ठरवावे लागत नाहीत.