दुखणे थांबले, तरी मैदान अजून लांब आहे

आपल्या वस्त्यांतील अनेक मुलेमुली कबड्डी, खो-खो, फुटबॉल जिद्दीने खेळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कष्टकरी घरासाठी खेळ म्हणजे नुसती हौस नसते. म्हणून गुडघ्याचे लिगामेंट तुटून ऑपरेशन झाले, की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : पुन्हा कधी खेळायचे?

गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नळीचे हाड धरून ठेवणारी एक मजबूत दोरी असते. डॉक्टर तिला ‘एसीएल’ म्हणतात. पळता पळता एकदम वळताना, उडीवरून उतरताना किंवा पकडीत पाय अडकल्यावर ती तुटते. ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा खेळाडूच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा पट्टा काढून तिथे नवी दोरी बसवतात.

दोन-तीन महिन्यांत दुखणे थांबते, मूल सरळ चालू लागते. पण आतली दोरी तेव्हा कच्ची असते. शरीर तिला नव्याने घडवत असते. ती आधी कमजोर होते, मग हळूहळू बळकट होते. त्यामुळे ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. कोवळ्या वयाच्या खेळाडूंना हा धोका अधिक. कधी दुसरा, धडका गुडघाही जातो.

जानेवारीत ऑपरेशन झाले, तर १४ एप्रिल नेमका याच काळात येतो. जयंतीच्या स्पर्धेत ‘एकच चढाई कर’ असा आग्रह धरू नका. मिरवणुकीत नाचूही देऊ नका. गर्दीतला एक धक्का पुरतो.

साधारण टप्पे असे :

• पहिले काही आठवडे : सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे, मांडी आवळण्याचा व्यायाम. विहारात वंदनेला खुर्चीवर बसावे.
• ३ ते ४ महिन्यांनंतर : सूज नसेल आणि ताकद आली असेल, तर सरळ रेषेत धावणे.
• ६ महिन्यांच्या सुमारास : उड्या, वळणे, एकट्याने सराव.
• ९ महिन्यांनंतर : चाचणी पास झाली तरच सामना.

चाचणीत ऑपरेशन झालेल्या मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. नुसते महिने मोजून भागत नाही.

अनेक घरांत टाके निघाले की फिजिओथेरपी बंद होते, कारण खाजगीत दर खेपेला पैसे लागतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. तिथे व्यायाम शिकून घ्या, कागदावर लिहून मागा आणि घरी रोज करा.

सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता : तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. गुडघ्यालाही तेच लागू आहे. खाटेवर पडून मांडी वाळते, अतिव्यायामाने सूज येते. व्यायामानंतर सूज वाढली, तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा.

पोटरी सुजून दुखणे, ताप, जखमेतून पू येणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

आणखी एक. ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते, आणि मुलगी असली की ‘आता खेळ पुरे’ असा निकाल घरातच लागतो. नीट उपचार झाले तर तीही मैदानात परतू शकते. मुलाला जेवढा वेळ देता, तेवढाच तिलाही द्या. एक हंगाम गेला तरी चालेल; गुडघा आयुष्यभर लागणार आहे.

जय भीम!