ठरल्या तारखेचे दीड हजार रुपये

ग्रामीण महाराष्ट्रात एकट्या आईच्या मजुरीवर चालणारे घर इतर गरीब घरांच्याच रांगेत मोजले जात असले, तरी त्या घराची अडचण नुसत्या कमी उत्पन्नाची नसते. ज्या घरात नवरा-बायको दोघेही राबतात, तिथे एक जण आजारी पडला तर दुसऱ्याचा रोज चालू राहतो. एकट्या आईच्या घरात मात्र मूल तापाने फणफणले की आईला घरी थांबावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते आणि औषधाचा खर्चही नेमका त्याच दिवशी उभा राहतो. खर्च वाढण्याची वेळ आणि कमाई थांबण्याची वेळ एकच असणे, हा या घरांना गांजणारा खरा प्रश्न आहे. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या म्हणजे परित्यक्ता आणि अविवाहित अशा सर्व स्त्रियांसाठी आता ‘एकल महिला’ ही संज्ञा वापरली जाते. त्यांपैकी ज्यांच्या पदरात लहान मुले आहेत आणि ज्यांच्याकडे पुरेशी जमीन किंवा नोकरी नाही, अशा मातांच्या संसारात दरमहा येणारी थोडीशी सरकारी रक्कम काय बदल घडवते, याचा विचार येथे करायचा आहे.

अशा स्त्रीला रोजगाराच्या बाजारात किती तोट्याने उभे राहावे लागते, हे ऊसतोडीच्या व्यवस्थेत सर्वांत स्पष्ट दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडण्यासाठी जातात व मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच राहतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो, म्हणजे ‘उचल’, तीही जोडीच्या हिशोबानेच ठरते. नवरा गेलेली स्त्री या हिशोबात ‘अर्धा कोयता’ ठरते. तिला भावाबरोबर, दिराबरोबर किंवा शाळेतून काढलेल्या मोठ्या मुलाबरोबर जोडी जमवावी लागते, नाहीतर गावातच राहून कधी मिळणाऱ्या आणि कधी न मिळणाऱ्या खुरपणीवर आणि कापूसवेचणीवर भागवावे लागते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून कोयता हाती घेतो, त्यामागे आईची बेफिकिरी नसून हे गणित असते.

सरकारने नागरिकाच्या खात्यात थेट पैसे जमा करण्याला अर्थशास्त्रात रोख हस्तांतरण म्हणतात. मुलांना शाळेत पाठवणे, लसीकरण करून घेणे अशी अट त्याला जोडली की ते सशर्त होते, नसली की बिनशर्त. मेक्सिकोने १९९७ मध्ये आणि ब्राझीलने २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर सशर्त योजना सुरू केल्या आणि त्यांची जगभर चर्चा झाली, परंतु महाराष्ट्राने त्याआधीच, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार अनुदान योजना आणून विधवा, परित्यक्ता, अपंग आणि इतर निराधार व्यक्तींना दरमहा अनुदान देण्यास सुरुवात केली होती. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १९९५ मध्ये आला आणि २००९ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र निवृत्तिवेतन त्याला जोडले गेले. राज्याच्या योजनेतील रक्कम ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली.

महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये, आणि पन्नास रुपयांत कोणाचे घर चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. तरीही या रकमेचे मोल समजण्यासाठी गरीब घरात रोख पैसा कुठे लागतो हे पाहावे लागते. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो, शाळेत पुस्तके आणि दुपारचे जेवण मिळते. पण तेल, डाळ, मीठ-मिरची, साबण, वीजबिल, वही-पेन, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचे भाडे आणि तिथल्या औषधांच्या चिठ्ठीवरची खरेदी, या सगळ्याला रोकड लागते. ती नसली की दोनच वाटा उरतात, किराणा दुकानातली उधारी आणि सावकार. गावातला सावकार बहुधा ‘शेकडा पाच’ने, म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला पाच रुपये व्याजाने पैसे देतो. मुलाच्या आजारपणात पाच हजार रुपये उचलले, तर महिन्याचे व्याज अडीचशे होते, वर्षाचे तीन हजार होते, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. अनुदानाचे दोन महिन्यांचे पैसे या एका लहानशा कर्जाच्या वर्षभराच्या व्याजाएवढे आहेत. म्हणून ते कर्ज घ्यावेच लागले नाही, तर अनुदानाचा खरा लाभ त्याच्या आकड्याहून मोठा ठरतो.

याहून महत्त्वाचा बदल बचत गटाच्या दाराशी होतो. दहा ते वीस स्त्रियांनी एकत्र येऊन दरमहा शंभर-दोनशे रुपये जमा करायचे, त्या निधीतून एकमेकींना शेकडा एक-दोन दराने कर्ज द्यायचे आणि पुढे बँकेचे कर्ज मिळवायचे, अशी या गटांची रीत असते. गटाचा सारा डोलारा वेळेवर येणाऱ्या हप्त्यावर उभा असल्यामुळे जिची कमाई अनिश्चित आहे तिला गटात घ्यायला इतर जणी कचरतात, आणि सर्वांत गरजू असलेली एकल महिलाच बाहेर राहते. महिन्याला ठरलेले पैसे खात्यात येतात हे गावाला माहीत झाले की तिचा हप्ता चुकणार नाही असा भरवसा निर्माण होतो. किराणा दुकानदारही आठ-दहा दिवसांची उधारी कुरकुर न करता देतो, कारण पैसे कधी येणार हे त्यालाही ठाऊक असते. एका निश्चित रकमेने तिला पत मिळते, आणि पत मिळाली की दोन शेळ्या घेणे किंवा शिलाई यंत्र आणणे तिच्या आवाक्यात येते.

गरिबीचा भार मनावर कसा पडतो, याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झाला असून तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, म्हणजे पैसे हाती आल्यावर घेतली, तेव्हा पहिल्या वेळी त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावलेली आढळली. माणूस तोच, बुद्धी तीच, परंतु पैशाच्या विवंचनेने विचाराची ताकद खाऊन टाकलेली. जिला रोज संध्याकाळी उद्याच्या रोजाची चिंता असते, तिने मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे, योजनांचे अर्ज भरावेत आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा, ही अपेक्षा किती कठोर आहे, हे या निष्कर्षावरून कळते.

पैसे एकरकमी द्यावेत की दरमहा, या प्रश्नाचे उत्तर केनियातील एका प्रयोगात बऱ्याच अंशी मिळाले. तेथील ग्रामीण कुटुंबांना बिनशर्त रक्कम देऊन योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रक्कम एकदम मिळाली त्यांनी पत्र्याचे छप्पर, जनावरे अशा टिकाऊ गोष्टींवर अधिक खर्च केला, तर ज्यांना ती महिन्याच्या हप्त्यांनी मिळाली त्यांची पोटभर अन्नाची निश्चिती अधिक सुधारली. दारू आणि तंबाखूवरचा खर्च मात्र वाढला नाही. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना मिळणाऱ्या एक लाख रुपयांपैकी ३० हजार हाती द्यायचे आणि ७० हजार मासिक प्राप्ती योजनेत ठेवायचे, असे जे धोरण ठरले त्यामागचा विचार हाच होता. दुःखाच्या दिवसांत हाती आलेली मोठी रक्कम देणेकऱ्यांच्या आणि नातलगांच्या दबावाखाली वाहून जाते. तो विचार योग्य होता, केवळ ७० हजारांचे मासिक व्याज चार-साडेचारशे रुपयांच्या पुढे जात नाही, हे त्याचे दुबळेपण आहे.

पैसे कोणाच्या हाती पडतात, यानेही फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपत असताना कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तिवेतन मोठ्या प्रमाणात वाढले, आणि अर्थशास्त्रज्ञ एस्तेर द्युफ्लो यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की जिथे ते आजीच्या हाती आले तिथे घरातल्या नातींचे उंचीच्या मानाने वजन सुधारले, पण आजोबांच्या हाती आले तिथे तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे नवरा गेल्यानंतर सातबाऱ्यावर वारस नोंद करून घेण्यासाठीही ज्या स्त्रीला सासरच्यांची मनधरणी करावी लागते, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणाला न विचारता काढता येतील असे पैसे जमा होणे, ही त्या घरातली एकमेव बिनविरोध मालमत्ता असू शकते. फुकटच्या पैशाने माणसे आळशी होतात, हा समज तर अभ्यासाच्या कसोटीवर टिकलेलाच नाही: अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील सात प्रयोगांची माहिती २०१७ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा रोख मदतीमुळे लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक व्यक्तीला दरमहा लहानशी रक्कम देऊन पाहिली, तेव्हाही लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबू लागल्याचे आढळले.

मग अडते कुठे? पहिला अडसर पात्रतेच्या अटींचा आहे. निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने एखादी माता वर्षातून ६८ दिवस कामावर गेली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. तेव्हाच्या कायद्याने कबूल केलेले शंभर दिवस काम जिने केले ती कागदोपत्री निराधार उरत नाही, आणि म्हणून उत्पन्नाचा दाखला मिळवताना गावोगाव खोटे आकडे लिहिले जातात. प्रामाणिक बाईला खोटे बोलायला लावणारी ही मर्यादा ताबडतोब बदलली पाहिजे. केंद्राचे विधवा निवृत्तिवेतन वयाच्या चाळिशीनंतरच मिळते आणि त्यातले ३०० रुपये २०१२ पासून तसेच आहेत. मुले सर्वांत लहान असतात ती तिशीतली वर्षे त्यातून सरळ वगळली गेली आहेत.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवर नेली, त्यामुळे निराधार योजनेच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या अनेक एकल महिलांना दीड हजार मिळू लागले, हा मोठा दिलासा होता. मात्र दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा अधिक मिळणाऱ्या स्त्रीला त्यात जागा नाही. परिणामी नवरा कमावता असलेल्या स्त्रीला आणि तीन लेकरे एकटीने वाढवणाऱ्या विधवेला सरकारकडून सारखीच रक्कम मिळते. मुलांच्या संख्येचा कोणताही विचार या रकमेत नाही.

दुसरा अडसर कागदांचा. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले खाते, आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. प्रत्येक कागद म्हणजे तहसीलची एक फेरी आणि एक बुडालेला रोज. परित्यक्तेची अवस्था आणखी बिकट असते, कारण नवरा जिवंत आहे पण नांदवत नाही, हे सिद्ध करणारा कागद सहजासहजी कोणी देत नाही. वर्षानुवर्षे खुरपे धरून बोटांचे ठसे झिजलेल्या स्त्रीला बँक मित्राच्या यंत्रासमोर चार-चार वेळा अंगठा लावावा लागतो.

आणि तिसरा, सर्वांत मोठा अडसर तारखेचा आहे. अनुदान दोन-तीन महिने थकते आणि मग एकदम जमा होते. सरकारी हिशोबात बाई काहीच गमावत नाही, पण दरम्यान तिने सावकाराकडून पैसे उचललेले असतात, गटाचा हप्ता चुकलेला असतो आणि दुकानदाराने वही मिटलेली असते. नियमितपणातून जी पत उभी राहिली होती ती विलंबाने मोडते. पगार आणि निवृत्तिवेतन ठरल्या तारखेला देता येते, तर निराधाराचे अनुदानही देता आले पाहिजे, आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले पाहिजे.

पैशाने सारे सुटणार नाही. गावात दिवसभर चालणारे पाळणाघर, जवळचा दवाखाना, हंगामी वसतिगृहे आणि जमिनीवर तिचे नाव, यांची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही. पण मुलांच्या वाट्याची रक्कम मिळवून देणारी एक तरतूद आजही अस्तित्वात आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकच पालक असलेल्या मुलासाठीही अर्ज करता येतो आणि २०२३ पासून त्याची रक्कम दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि बालकल्याण समिती त्यावर निर्णय देते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, ग्रामपंचायत सदस्य किंवा नुसता शेजारी असलेल्या प्रत्येक वाचकाने आपल्या गावातल्या अशा घरापर्यंत ही माहिती पोहोचवावी, आणि जमल्यास त्या आईबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन अर्ज दाखल करून यावे.